वादळानंतर किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवून खरंच जुनी नाणी सापडतात का?

हो, सापडतात. पण प्रत्येक वादळानंतर नाही, आणि प्रत्येक किनाऱ्यावर तर अजिबात नाही. कधी आणि कुठे शोधायचं, यंत्र कोणतं घ्यायचं आणि भारतात हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी फ्लोरिडात व्हेरो बीचजवळ राहते आणि हा नाद मला इथेच लागला, म्हणून इथलंच सांगते.

इथे नाणी असण्याला कारण आहे. हवानाहून स्पेनला निघालेला खजिन्याचा ताफा ३१ जुलै १७१५ च्या पहाटे चक्रीवादळात सापडला. बारापैकी अकरा जहाजं याच किनाऱ्यावर फुटली आणि हजाराच्या आसपास माणसं गेली. पुढे १९५० च्या दशकात किप वॅग्नर नावाच्या बांधकाम करणाऱ्या माणसाला इथून जवळच्याच सेबॅस्टियन गावाजवळच्या वाळूत नाणी मिळू लागली. त्यांतल्या एकावरही १७१५ नंतरचं साल नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. मग लष्करातून निकालात निघालेला डिटेक्टर घेऊन त्याने जहाजं फुटल्यावर स्पॅनिशांनी किनाऱ्यावर टाकलेल्या छावणीची जागाही हुडकली. ज्या किनाऱ्यासमोर कधी जहाज फुटलं नाही, तिथे वादळाने कितीही वाळू उपसली तरी गेल्या सुट्टीतली नाणी आणि अंगठ्याच मिळणार.

आता वाळूचं. वादळ नाणी आणून टाकतं असं बहुतेकांना वाटतं. क्वचित तसं होतंही, पण वादळाचं मुख्य काम वाळू काढून नेण्याचं. पाण्याची घनता १ धरली तर साध्या वाळूची २.६५, चांदीची १०.५, सोन्याची १९.३. त्यामुळे जड वस्तू वर्षानुवर्षं खाली सरकत जातात आणि चिकणमातीच्या किंवा शिंपल्यांच्या घट्ट थरावर जाऊन थांबतात. एरवी हा थर डिटेक्टरच्या टप्प्याच्या बाहेर असतो. वरची चार-पाच फूट वाळू गेली की तो हाताशी येतो. २००४ च्या सप्टेंबरात फ्रान्सेस आणि जीन ही दोन वादळं तीन आठवड्यांच्या अंतराने आमच्या दक्षिणेच्या हचिन्सन बेटावर जवळजवळ एकाच जागी धडकली आणि किनारा पार कापून काढला. पण वादळाचं नाव मोठं असलं म्हणजे काम झालं असं नाही. लाटा कोणत्या कोनातून आल्या आणि किती वेळ आपटत राहिल्या, यावर सगळं ठरतं. हिवाळ्यात ईशान्येकडून तीन-चार दिवस सलग येणाऱ्या लाटा कित्येकदा चक्रीवादळापेक्षा जास्त उपसा करतात. उलट काही वादळं वाळू आणून ओततात. अशा वेळी सरळ घरी बसावं.

म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर यंत्र लगेच सुरू करू नका, आधी चाला. लाटांनी वाळूला उभा कडा पाडलाय का? त्याच्या पायथ्याशी खडे, जाड शिंपले, काळी वाळू उघडी पडलीय का? डिटेक्टरला नुसते डब्यांचे पत्रे लागत असतील तर तिथे हलकं सामान साचलंय, पुढे जा. गळाची शिसं आणि आजची नाणी एकाच पट्ट्यात लागायला लागली की थांबा, कारण समुद्राने जड वस्तू निवडून तिथे ठेवल्यात. तो पट्टा किनाऱ्याला समांतर धरून सावकाश पुढे न्या. वेळ ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी मिळाली तर उत्तमच. आणि उशीर करू नका, दोन-चार भरत्यांत वाळू परत यायला लागते.

यंत्राचं थोडक्यात: ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्त यंत्र तिथे उगाच ओरडत राहतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी घ्या. पल्स इंडक्शन, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू हुडकणारं यंत्र, जास्त खोल जातं, पण त्याला लोखंड नीट वेगळं करता येत नाही. तीनशे वर्षांची चांदी चमकत नाही, काळ्या वेड्यावाकड्या चकतीसारखी दिसते. ती घासू नका. गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

काही गोष्टी मात्र हात जोडून सांगते. कड्याखाली खणू नका, तो अंगावर कोसळतो. वाळूच्या टेकड्यांवर चढू नका, तिथल्या गवतानेच उरलेला किनारा धरून ठेवलाय. मार्च ते ऑक्टोबर इथे कासवं अंडी घालतात, त्यांच्या घरट्यांपासून लांब राहा. पाण्यात उतरून जहाजांचे अवशेष शोधायला परवानगी नाही. कॅनाव्हरलसारख्या राष्ट्रीय किनाऱ्यावर डिटेक्टर नेणंच गुन्हा आहे. राज्य उद्यानांचे नियम वेगळे आहेत, आधी विचारून घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकोल वादळानंतर हचिन्सन बेटावर मूळ रहिवाशांच्या जुन्या दफनभूमीतली हाडं उघडी पडली होती. असं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं. तिथे कुणाचे तरी पूर्वज झोपलेले असतात.

भारतात? आपल्या कोकणातही पावसाळ्यात पुळणीची वाळू जाते आणि हिवाळ्यात परतते, त्यामुळे वाळू वाचायची रीत तिथेही लागू पडेल. पण १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांच्या आसपास तर खणायचंच नाही. त्यामुळे आधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, यंत्राची खरेदी नंतर.