चाळिशीनंतर बायबलची वचनं पाठ होतात का? आणि मोबाईल असताना करायची कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मोबाईलमध्ये अख्खं बायबल असताना पाठांतर कशाला, आणि चाळिशी उलटल्यावर ते डोक्यात राहील का. पहिली पटली की दुसरी निम्मी सुटते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आमचं वावर अचलपूर तालुक्यात. हिवाळ्यात हरभऱ्याच्या ओलिताला लाईन बरेचदा रात्रीच मिळते. स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून काढून दुसऱ्यात जोडायचे, हात चिखलाने भरलेले, बाह्या ओल्या, धुऱ्यापलीकडे रानडुकरांची चाहूल. तेव्हा खिशातला मोबाईल काढून वचन शोधणं होत नाही, तोंडात असेल तेच कामी येतं. मी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १२१ म्हणतो. त्याची सुरुवातच डोंगरांकडे नजर लावून होते, आणि आमच्या उत्तरेला सातपुडा उभाच आहे. पुढे म्हटलंय की तुझा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. रात्रभर जागणाऱ्या माणसाला हे जसं लागतं, तसं दुपारी खाटेवर बसून वाचताना लागत नाही.

माझी माय शाळेत गेली नव्हती. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बाईंकडून ऐकून ऐकून तिने स्तोत्र २३ आणि १०३ पाठ केली होती. कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना ती म्हणत पुढे सरकायची. आम्ही पोरं मागून म्हणायचो आणि एखादा शब्द गाळला की ती हात थांबवून तेवढी ओळ परत म्हणायला लावायची. घरी येऊन पुस्तक उघडावं तर तिचंच बरोबर. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातही हेच सांगितलंय ना: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना ही वचनं बोलत राहा. त्या काळी घरोघरी ग्रंथ नव्हते, देवाचं वचन लोकांच्या कानात आणि जिभेवरच होतं. स्तोत्र ११९ बघा. १७६ वचनं, आठ-आठ वचनांचे २२ भाग, आणि मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) एका भागातलं प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होतं. ज्याला पाठ करायचंय त्याला याचा किती आधार होत असेल!

आता माझा खरा आग्रह. सुटी वचनं पाठ करू नका, उतारा पाठ करा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात प्रभू येशू सैतानाच्या तिन्ही परीक्षांना अनुवादातल्या वचनांनी उत्तर देतो, हे आपण नेहमी सांगतो. पण सैतानही तिथे शास्त्र म्हणतो, स्तोत्र ९१ मधलं, देवदूत तुला झेलतील ते. आणि थांबतो कुठे? त्याच्या पुढचंच वचन सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याचं आहे, ते तो म्हणत नाही. ज्याला अख्खं स्तोत्र येतं त्याला हे लगेच दिसतं. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या ४:१३ चंही तेच. ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे कॅलेंडरवर छान दिसतं, पण ते लिहिताना पौल बंदिवासात होता आणि आधीच्या दोन वचनांत तो उपाशी राहण्याबद्दल आणि भरल्या पोटाबद्दल बोलतोय, दोन्हीत समाधानी राहायला शिकलो म्हणतोय. बोंडअळीने कापूस गेलेल्या माणसाला ती दोन वचनं गाळून तेरावं सांगू नका.

राहिलं वयाचं. मंडळीत जे भाषांतर वाचतात तेच घ्या आणि बदलू नका, नाहीतर शब्दांची सरमिसळ होते. रोज एकच वचन घ्या, ते वहीत हाताने लिहा आणि मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून म्हणत नवीन जोडा. रविवारी नवीन काही घेऊ नका, जुनंच म्हणा. बहुतेकांचं पाठांतर सुटतं ते जुनं न म्हटल्यामुळे, वयामुळे नाही. आणि ऐकणारं माणूस हवंच. बायकोला, मुलाला पुस्तक हातात देऊन बसवा, अडलात की त्यांनी पहिला शब्द तेवढा सांगायचा.

पाठांतराची नुसती पोपटपंची होईल, ही भीतीही तुम्ही लिहिली आहे. जे म्हणाल त्यावरच त्या दिवशी प्रार्थना करा, ती भीती राहणार नाही. प्रभूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हटलं ते स्तोत्र २२ चं पहिलं वचन आहे. एवढ्या वेदनेत त्याच्या तोंडी स्तोत्रच आलं, आणि ती खरी प्रार्थना होती.

सुरुवात स्तोत्र १२१ ने करा. आठच वचनं आहेत. ते पक्कं झालं की फिलिप्पै ४, चौथ्या वचनापासून तेराव्यापर्यंत. कुठे अडलात तर इथेच विचारा.