मामांनी इज्जत राखली, पण बहिणीला कुणी विचारलं?

प्रश्न : ताई, आम्ही सिडकोत राहतो. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराने माझ्या बहिणीचे फोटो घाणेरडे एडिट करून ग्रुपवर टाकले, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आईचे चुलतभाऊ एरियातले मोठे भाई आहेत, हप्ते, गाळे, जागेचे मॅटर असं सगळं चालतं त्यांचं. मला वाटलं आता त्या पोराचे हातपाय मोडणार, पण मामा म्हणाले थांब, घाई करायची नाही. कित्येक महिने काहीच केलं नाही, उलट त्या पोराचा बाप दिसला की रामराम करायचे. मधल्या काळात त्या बापाने दुकानासाठी व्याजाने घेतलेले पैसे मामांनी आपल्या माणसाकरवी फेडले आणि चिठ्ठ्या, कोरे चेक सगळं स्वतःकडे घेतलं. मग एक दिवस निरोप धाडला. बाप आमच्या दारात आला, चपला बाहेर काढल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स, आईच्या पाया पडला, सगळी गल्ली बघत होती. कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. सगळे म्हणतात डोक्याने इज्जत राखली. आता मामा म्हणतायत ऑफिसला येऊन बसत जा. मला जायचं नाहीये, पण उपकार विसरला म्हणतील. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अरे, तुझी घालमेल कळतेय, घरावर असं संकट येतं तेव्हा जो पाठीशी उभा राहतो तो देवच वाटतो. पण तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि त्यात दोन माणसं कुठेच दिसली नाहीत. एक तुझी बहीण, पेढे आले तेव्हा ती कुठे होती, काय म्हणाली, काहीच नाही. आणि दुसरा तो पोरगा. फोटो त्याने टाकले आणि पाया पडला बाप! त्या पोराचा मोबाईल कुणी ताब्यात घेतला नाही, फोटो अजून कुणाकुणाकडे आहेत कुणाला माहीत नाही, म्हणजे जो खरा गुन्हेगार तो मोकळाच राहिला ना.

आता मामांचा धीर बघ. मारहाण केली असती तर केस झाली असती, हातात काही आलं नसतं. थांबले म्हणून एका घराचं कर्ज हातात आलं, कोऱ्या चेकमुळे उद्या तो गाळाही येईल, गल्लीत दबदबा वाढला तो वेगळा, आणि आता उपकाराच्या ओझ्याखाली तूही येतोयस. तुझ्या बहिणीचं दुःख यात फक्त निमित्त झालं, हे मला फार लागलं. आणि परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, 2014 च्या कायद्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे, त्या बापाला जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

ऑफिसला 'नुसतं बसणं' असं काही नसतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारी टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा आहे, कमीत कमी 5 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिक पोलिसांनी भाईगिरी करणाऱ्यांना धरून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलं ते व्हिडिओ तू पाहिले असशील, त्यात तुझ्या वयाची पोरं होती रे.

नाही म्हणताना भांडू नकोस, उपकारही नाकारू नकोस. सातपूर-अंबडला कंपनीत शिफ्टची नोकरी धर नाहीतर कोर्सला अ‍ॅडमिशन घे, म्हणजे वेळच नाही हे खरं कारण होईल, आणि हे मामांना तुझ्या आईनेच सांगू दे, बहिणीचा शब्द ते सहसा मोडणार नाहीत. त्यांच्याकडून बाईक, मोबाईल, उसने पैसे काही घेऊ नकोस, कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही नको, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून फोटो तर अजिबात नको, कारण कोण कुणाचा हे त्या फ्लेक्सवरूनच सगळ्यांना कळतं. आणि दमदाटी झालीच तर 112 ला फोन कर, नातं बघत बसू नकोस.

पण हे सगळं करायच्या आधी बहिणीशी बोल, एकटीशी, आईसमोर नको. तिला तक्रार करायची आहे का एवढंच विचार, आणि नको म्हणाली तर तो विषय तिथेच सोड. हो म्हणाली तर ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि ज्या मोबाईलवर आले तो मोबाईल जपून ठेवा. अश्लील फोटो पसरवण्यासाठी आयटी अ‍ॅक्टच्या कलम 67 खाली पहिल्यांदाच दोषी ठरला तरी 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तक्रार सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्याही देता येते. वकिलाच्या खर्चाचं टेन्शन घेऊ नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांचा हेल्पलाइन नंबर 15100.