बाहेरगावच्या सामन्यातच श्वास का अडकतो?

"ताई, घरच्या कोर्टवर ती इतकी छान खेळते, पण बाहेरगावी जायची बस निघाली की तिचे हातपाय गार पडतात. तिच्यात आत्मविश्वासच कमी आहे का?" कॅलिफोर्नियात महाविद्यालयीन खेळाडूंची समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि इथल्या मराठी आया तो विचारतात तेव्हा त्यात बऱ्याचदा थोडी अपराधी भावनाही मिसळलेली असते. या प्रश्नाचा दुसरा भाग मला नेहमी घाईचा वाटतो. आत्मविश्वास कमी आहे की नाही हे ठरवण्याआधी, बाहेरगावी गेल्यावर नेमके काय काय बदलते याची नोंद करायला हवी, आणि बहुतेक वेळा ती कोणीही केलेली नसते. पुढील अनुभव अशाच एका नोंदीचा आहे. संबंधित खेळाडूच्या संमतीने तो लिहीत असून तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती एका विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघात दुसऱ्या वर्षाला होती. भारतातील वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की अमेरिकेत हा खेळ अभ्यासाच्या फावल्या वेळात खेळला जात नाही. शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ मध्ये आला, १९८१-८२ च्या हंगामापासून 'एनसीएए' या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेने महिलांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या, आणि आज या संघांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसतात. विद्यापीठे निरनिराळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या संघांच्या गटांमध्ये, विभागलेली असतात. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ गटातील अनेक संघांशी दोनदा खेळतो, एकदा स्वतःच्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्या. हंगामात सरावावर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, मात्र प्रवासाचे तास त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत या मुली विमानतळावर गृहपाठ करताना आणि हॉटेलच्या खोलीत परीक्षेचे पेपर लिहिताना दिसतात.

माझ्याकडे ती जानेवारीत आली, तेव्हा वायोमिंग राज्यातील लॅरमी येथील सामना जवळ आला होता. आदल्या वर्षी तिथेच तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात, तिची छाती एकाएकी आवळल्यासारखी झाली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण कोसळणार असे वाटून तिने स्वतःहून बाहेर बसण्याची खूण केली. त्यानंतर तिचा बाहेरचा प्रत्येक सामना बिघडत गेला. प्रवासाच्या आदल्या रात्री झोप लागत नसे. सामन्यात धाप लागली की तिचे सारे लक्ष श्वासाकडे वळे, आणि श्वासाकडे लक्ष गेले की हातातला चेंडू परका वाटू लागे. ती पॉइंट गार्ड होती, म्हणजे ९४ फूट लांबीच्या कोर्टवर चेंडू पुढे नेणे आणि सहकाऱ्यांना हालवणे हे तिचेच काम. "मला पॅनिक अटॅक (एकाएकी येणारे तीव्र भीतीचे झटके) येतात," असे तिने पहिल्याच भेटीत निदान करूनच सांगितले.

हे निदान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, पण ते पुरेसे नव्हते. दम लागणे हे मनाचे लक्षण असू शकते, तसेच ते फुप्फुसांचे, रक्ताचे किंवा हृदयाचेही असू शकते, आणि समुपदेशकाने त्यातील शारीरिक शक्यता वगळल्याशिवाय कामाला हात घालू नये असे माझे ठाम मत आहे. मी तिला प्रथम संघाच्या डॉक्टरांकडे पाठवले. व्यायामाने उद्भवणारा दमा नाही, हृदयाची तपासणी व्यवस्थित आहे, शरीरातील लोहाचा साठा मात्र थोडा कमी आहे, असे निघाले. मुलगी शाकाहारी, त्यात रोजचे धावणे आणि मासिक पाळी, त्यामुळे यात आश्चर्य नव्हते. गोळ्या आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला सुरू झाला. तरुण खेळाडू मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते आणि थकव्याला आळसाचे नाव दिले जाते, हे मराठी घरांनी विशेष ध्यानात घ्यावे.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. घरच्या आणि लॅरमीच्या सामन्यात नेमका फरक काय, हे तिने एकेक करून लिहायचे होते. पहिल्या प्रयत्नात तिने "सगळेच" असे लिहिले. हळूहळू त्या "सगळेच"मधून गोष्टी सुट्या होऊ लागल्या. डेन्व्हरला उतरून बसने दोन-अडीच तासांचा रस्ता, हिवाळ्यात वारा आणि बर्फ यांमुळे तो बंद पडण्याची टांगती तलवार, अनोळखी खोलीतली झोप, सामन्याच्या सुमारे चार तास आधी होणारे संघाचे जेवण, फ्री थ्रोच्या (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीच्या) वेळी बास्केटमागे हात हलवत ओरडणारे विद्यार्थी, आणि चेंडू. चेंडू ऐकून वाचकांना नवल वाटेल, परंतु तो कोणत्या कंपनीचा असावा हे सहसा यजमान संघ ठरवतो आणि त्याची पकड वेगवेगळी लागते, म्हणून तिच्या प्रशिक्षिका लॅरमीच्या आठवड्यात सरावासाठी तोच चेंडू काढत असत. सभागृहातला गोंगाटही ध्वनिक्षेपकावरून सरावात वाजवत. प्रतिस्पर्ध्यांच्या चाली वठवायला नेहमीप्रमाणे विद्यापीठातले मुलगे सरावाला येतच. तयारी कसून होती.

या यादीत एक गोष्ट नव्हती. लॅरमी समुद्रसपाटीपासून ७,२२० फूट उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांचे, म्हणजे या मुली कळसूबाईच्याही बऱ्याच वर जाऊन ४० मिनिटांचा बास्केटबॉल खेळतात, आणि त्यातल्या बहुतेकींचे रोजचे आयुष्य समुद्राजवळ गेलेले असते. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश इतका उरतो. तेवढ्याच धावण्यासाठी श्वास आणि हृदयाचे ठोके अधिक वाढतात, पहिल्या रात्री झोप उथळ लागते, कोरड्या हवेने घसा सुकतो. शरीराला तिथे रुळायला बरेच दिवस लागतात आणि वर्ग बुडवून तितके दिवस कोणताही महाविद्यालयीन संघ आधी जाऊन राहू शकत नाही. वायोमिंगचा संघ ७,२२० हा आकडा अभिमानाने मिरवतो तो उगीच नाही.

मी तिला विचारले, "हे तुला ठाऊक नव्हते?" ठाऊक होते, पण त्याचा आपल्या श्वासाशी संबंध तिने जोडला नव्हता. प्रशिक्षिका उंचीविषयी मुद्दामच बोलत नसत, कारण एकदा त्याचे नाव काढले की मुली ती सबब म्हणून वापरतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. "रिंग सगळीकडे दहा फुटांवरच असते" हे वाक्य इथल्या खेळाडूंच्या कानांवर लहानपणापासून पडते, आणि ते खरेही आहे. रिंग १० फुटांवर असते, फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून १५ फुटांवर असते, महिलांचा चेंडू सर्वत्र सहा क्रमांकाचा असतो. हवा मात्र सर्वत्र सारखी नसते. ज्या मुलीला धाप लागली आहे आणि धाप लागण्याचे कारण कोणीही सांगितलेले नाही, ती स्वतःच एक कारण शोधते, आणि अठराव्या वर्षी सर्वांत सहज सापडणारे कारण म्हणजे "माझ्यातच काहीतरी बिघडले आहे" हे असते.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकविषयी जी मांडणी केली, ती इथे तंतोतंत लागू पडते. शरीरातील एखादी साधी जाणीव माणूस आपत्तीची खूण म्हणून वाचतो, त्या वाचनाने भीती वाढते, भीतीने तीच जाणीव तीव्र होते, आणि मग आपले वाचन बरोबरच होते याची त्याला खात्री पटते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, हलकेसे गरगरते. लॅरमीत हा फेरा विरळ हवेने सुरू केला होता आणि तिच्या अर्थ लावण्याने तो पूर्ण झाला. पुढे समुद्रकाठच्या शहरांतल्या सामन्यांतही तो सुरू होऊ लागला, कारण तोवर साधी धापसुद्धा धोक्याची घंटा बनली होती. म्हणजे उंची हे पहिल्या घटनेचे कारण होते, नंतरच्या घटनांचे नव्हते. हा भेद मी तिला स्पष्टपणे सांगितला, नाहीतर "डोंगर नसेल तर मी बरी" असा नवा नियम तिने तयार केला असता.

म्हणून भीती घालवण्याचा प्रयत्न आम्ही केलाच नाही. जी जाणीव तिला भयंकर वाटत होती तीच मुद्दाम, सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा निर्माण करायची असे ठरवले. संघाच्या ॲथलेटिक ट्रेनरच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि प्रकृती सांभाळणाऱ्या तज्ज्ञाच्या, देखरेखीखाली ती कोर्टच्या रेषांमध्ये दम पुरता फुलेपर्यंत धावे. मग खाली न बसता, उभ्यानेच, आत काय चालले आहे ते ती मोठ्याने म्हणे: "छाती भरली आहे, बोटे झिणझिणत आहेत, पाय जड झाले आहेत." ते आपोआप ओसरते, आपण काहीही केले नाही तरी ओसरते, हे तिला माझ्या सांगण्यावरून पटायचे नव्हते, पाहूनच पटायचे होते. त्यानंतर फुललेल्या दमातच फ्री थ्रो. चेंडू हाती आल्यापासून तो टाकायला १० सेकंद मिळतात. तेवढ्यात तीनदा चेंडू आपटणे, एक लांब उच्छ्वास, रिंगच्या मागच्या कडेवर नजर, आणि टाकणे, एवढाच तिचा क्रम ठरला. "श्वासाचा विचार करायचा नाही" असे त्यात कुठेही नव्हते. एखादा विचार मनात आणू नका असे सांगितले की तोच अधिक येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून केलेल्या प्रयोगातून दाखवून दिले आहे, आणि त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती असे कोणतीही आजी म्हणेल.

याच मुद्द्यावरून तिच्या आईची गोष्ट निघाली. बाहेरच्या प्रत्येक सामन्याच्या सकाळी आईचा फोन येई, "घाबरू नकोस हं, आणि श्वास नीट घे." बॅगेत डिंकाचे लाडू असत, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती, फोनबद्दल होती. आईने मला स्वतंत्रपणे फोन करून मुलीची प्रगती विचारली होती, आणि तिच्या परवानगीशिवाय मी काहीच सांगू शकत नाही, हे ऐकून त्या दुखावल्या होत्या. मुलगी सज्ञान असल्याने इथे तसा कायदाच आहे, पण कायदा नसता तरी मी तेच केले असते. आईशी बोलण्याचे काम मुलीने स्वतः केले. फोन बंद करायचा नाही, विषय बदलायचा, असे मायलेकींचे ठरले. त्या सकाळी आई शेजारच्या कुत्र्याच्या खोड्या सांगत बसल्या, असे नंतर कळले.

आणखी एक व्यावहारिक अडचण होती, आणि तिचा उपयोगच झाला. समुपदेशकाचा परवाना राज्यापुरता असतो, त्यामुळे ती वायोमिंगमध्ये असताना मी फोनवरूनही सत्र घेऊ शकत नव्हते. जे काही करायचे ते निघण्यापूर्वी. म्हणून तिने प्रशिक्षिकांशी आधीच बोलून घेतले. त्यांनी संघाच्या बैठकीत उंचीविषयी थोडक्यात सांगण्याचे मान्य केले, आणि पॉइंट गार्डना थोड्या थोड्या वेळाने बदलण्याचेही. दमल्यावर मूठ वर करून बदली मागण्याची खूण या खेळात सर्रास वापरली जाते. ती दुबळेपणाची खूण आहे असे या मुलीला वाटत होते. प्रशिक्षिकांनी सर्वांसमोर सांगितले की लॅरमीत जी मूठ वर करणार नाही तिला मी स्वतःहून बसवीन.

संघ तो सामना हरला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिला धाप लागली, बोटांना मुंग्याही आल्या, तिने मूठ वर केली, दोन मिनिटे बाकावर बसून पाणी प्यायली आणि पुन्हा उतरली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, जिथे आदल्या वर्षी सगळे थांबले होते तिथे, तिने एक फ्री थ्रो चुकवला आणि दुसरा घातला. परत आल्यावर तिने मला सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे यजमान संघाच्या मुलीसुद्धा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या, हे तिने प्रथमच पाहिले. आदल्या वर्षी तिची नजर स्वतःच्या बाहेर गेलीच नव्हती.

मी हे यश म्हणून सांगत नाही. तिची प्रवासाआधीची झोप अजूनही पुरती सुधारलेली नाही आणि ती पूर्ण सुधारेलच असे आश्वासन मी दिलेले नाही. सामन्याबाहेरही, वर्गात, दुकानात किंवा झोपेत असे झटके येत असते, प्रवास टाळण्यासाठी तिने आजारपणाच्या सबबी शोधल्या असत्या किंवा जेवण कमी केले असते, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. पालकांनी ज्या गोष्टींवर लक्ष ठेवावे त्या याच, हरलेल्या सामन्यांची संख्या नव्हे.

पुढच्या भेटीत ती न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या सामन्याची यादी स्वतःच लिहून आली. तिथले 'द पिट' हे सभागृह जमिनीत खोल खणून बांधलेले आहे, कोर्ट रस्त्यापेक्षा ३७ फूट खाली आहे, गाव ५,००० फुटांच्या वर आहे आणि चहूबाजूंनी उतरत आलेल्या आसनांतून गोंगाट थेट अंगावर येतो. यादीत गोंगाट पहिला होता, हवा दुसरी, आणि तिसऱ्या ओळीत तिने लिहिले होते की आईला या वेळी कोणता विषय द्यावा ते सुचत नाही.