बीकेसीत नोकरी लागली आहे. भाड्याने घर डोंबिवलीत घ्यावं की बोरिवलीत? लोकल-मेट्रोचा हिशोब कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून येताय, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि नकाशा बघून डोंबिवली आणि बोरिवली या दोनांवर आला आहात. मी सेंट्रलवाला आहे, रोज कुर्ल्याला उतरतो, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूने झुकलेलं वाटलं तर समजून घ्या. शेवटी मी सांगणार मात्र उलटंच आहे.

नकाशा आधी बाजूला ठेवा. मुंबईत घर लाइन बघून घेतात, किलोमीटरला फारसं कुणी विचारत नाही. शहर लांबुळकं, त्यामुळे रूळही उभेच. वेस्टर्न चर्चगेटहून विरार आणि पुढे डहाणूपर्यंत. सेंट्रल सीएसएमटीहून कल्याण, तिथून एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जत-खोपोलीला. हार्बर सीएसएमटीहून पनवेलला जाते आणि वडाळ्याला फुटून एक फांदी गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलची ट्रान्सहार्बर वेगळी. उभं जायला गाड्याच गाड्या, आडवं जायचं म्हटलं की बोंब. बोरिवली आणि ठाणे नकाशावर शेजारी दिसतात, मध्ये नॅशनल पार्क आहे. रेल्वेने जायचं तर बोरिवलीहून दादरला खाली या, पूल चढा, पुन्हा ठाण्यापर्यंत वर जा. म्हणून लोक मुकाट्याने घोडबंदर रोडची बस धरतात. 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे वस्ती रुळांच्या कडेने वाढत गेली आणि या दोन लाइनींना शहराच्या उत्तर भागात जोडणारी आडवी मेट्रो यायला 2014 चा जून उजाडला: वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, जेमतेम 11.4 किलोमीटर.

बीकेसी बसलंय नेमकं दोन लाइनींच्या मध्ये. बोरिवलीहून आलात तर वांद्र्याला उतराल, डोंबिवलीहून आलात तर कुर्ल्याला. रुळांवरचं अंतर पहिल्याचं साधारण 19 किलोमीटर, दुसऱ्याचं 33. पण त्रास गाडीतल्या वेळापेक्षा स्टेशनच्या बाहेर जास्त आहे. सकाळी नऊच्या सुमाराला कुर्ला पश्चिमेला उतरून बघा. पुलावरून माणसं ढकलतच खाली आणतात, खाली फेरीवाले, आणि शेअर रिक्षाची रांग. रिक्षात मागे तिघे बसतात, चौथा ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. 310 नंबरची बस मिळाली तर स्वस्तात काम होतं, पण ती सिग्नलला अडकते तेव्हा चालत जाणारे पुढे निघून जातात. पावसात रिक्षावाले बीकेसीचं नाव काढलं की मान फिरवतात. वांद्रे पूर्वेलाही फार सुख नाही, पण अंतर कमी आहे, आणि ऑफिस कलानगरच्या टोकाला असेल तर चालतही जाता येतं. म्हणून ऑफिस बीकेसीच्या कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारून घ्या.

आता गर्दी. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांत वेळेआधी गेलात तर बसायला मिळू शकतं. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या फास्टमध्ये मात्र डोंबिवलीत पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ. दारात लटकू नका, कितीही उशीर होवो. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारातली माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. तीही कामावरच निघाली होती. बोरिवलीत वेगळी गंमत आहे. विरार फास्टमध्ये बोरिवलीला चढायचं नाही, हा अलिखित नियम. आणि चढलात तर उतरताना विरारकर तुमची परीक्षा घेतील. बोरिवलीहून सुटणारी गाडी धरा, दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

फलाटावरच्या इंडिकेटरबद्दल एक सांगून ठेवतो, नवीन माणूस इथे हमखास चकतो. सेंट्रलवर इंग्रजी ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, कारण एक लाइन ईशान्येला जाते, दुसरी आग्नेयेला. गाडी स्लो की फास्ट हे त्याच्या पुढच्या अक्षरावरून कळतं, आणि स्लोचंही अक्षर ‘एस’च. नाशिकला जायला म्हणून चुकून कर्जतच्या गाडीत बसू नका.

मेट्रोमुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदललंय. भुयारी मेट्रो-3 आरे ते बीकेसी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिचं स्टेशन थेट बीकेसीत आहे. दहिसर, बोरिवली पूर्व, कांदिवली पूर्व या बाजूला घर असेल तर मेट्रो-7 ने गुंदवली, तिथून पुलावरून मेट्रो-1, मग मरोळ नाक्याला उतरून मेट्रो-3. गाड्या दोनदा बदलायच्या, पण सगळं एसीत, आणि रिक्षावाल्याची मनधरणी नाही. खर्च लोकलच्या पासपेक्षा बराच जास्त येतो, हे मात्र धरून चाला. डोंबिवलीवाल्यालाही वाट आहे: घाटकोपरला उतरा, स्टेशनच्या पुलावरूनच मेट्रो-1 मध्ये शिरा, मरोळ नाक्याला बदला. वळसा पडतो. मी धो धो पावसात हाच वळसा घेतो, एरवी कुर्लाच. अंधेरी पश्चिमेहून वांद्रे, बीकेसी, कुर्ला करत मंडाळ्याला जाणारी मेट्रो-2बी पूर्ण झाली की कुर्ल्याची रिक्षा सुटेल, पण त्या भरवशावर आज घर घेऊ नका.

माझं मत असं: फक्त ऑफिस बघायचं असेल आणि भाडं झेपत असेल, तर कांदिवली-बोरिवली पूर्व, मेट्रो-7 च्या स्टेशनला चालत जाता येईल असं. तेवढं बजेट नसेल तर डोंबिवली वाईट नाही. तुमचं घर नाशिकला आहे, ही बाब मी हलकी धरणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून नाशिकची पंचवटी एक्सप्रेस पकडायची असेल तर डोंबिवली पुढच्याच दारात आहे, बोरिवलीहून तीच गाडी धरायला दादर गाठावं लागेल. दर आठवड्याला गावी जाणार असाल तर पारडं डोंबिवलीकडे झुकतं. आई-वडील अधूनमधून येणार असतील तरीही.

पावसाळ्यात दोन्हीकडे हाल आहेत, सेंट्रलवर जरा जास्त. शीव-कुर्ल्याला रूळ पाण्याखाली गेले की गाड्या जिथल्या तिथे.

आणि घर बघायला रविवारी येऊ नका. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्याही कमी, ऑफिसची गर्दीही नसते, दोन्हीकडून चुकीचा अंदाज येतो. मंगळवार-बुधवार बघून एक रजा टाका, आदल्या रात्री डोंबिवलीत कुणाकडे तरी मुक्काम करा, सकाळी सव्वाआठची फास्ट धरून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या. मग डिपॉझिटचा चेक लिहा.