विलगीकरण, अलगीकरण आणि रिव्हर्स आयसोलेशन

परळला कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्या एका सिस्टरनी विचारलंय: करोनाच्या काळात कागदोपत्री ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ असे दोन्ही शब्द होते, ते एकच का? आणि केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट खाली आलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्या ‘रिव्हर्स आयसोलेशन’ला मराठीत काय म्हणावं?

ताई, एकच नाहीत. विलगीकरण आजारी माणसाचं, म्हणजे आयसोलेशन. अलगीकरण त्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्याचं, म्हणजे क्वारंटाइन. व्युत्पत्ती इथे कामाला येत नाही; दोन्हींच्या मुळाशी ‘लग्’, चिकटणे, हाच धातू. फरक संकेताने ठरला आणि २०२० मध्ये बातम्यांत, सोसायट्यांच्या नोटिशींत त्याची सरमिसळ झाली. मला ती खटकते, कारण दिवस मोजायची सुरुवातच वेगळी आहे. अलगीकरणाचे दिवस शेवटच्या संपर्कापासून धरायचे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून तेव्हा १४ दिवस. विलगीकरणाचे लक्षणं सुरू झाल्यापासून. तुमच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर विषाणू अंगात जास्त दिवस टिकू शकतो, म्हणून ते लांबतं. ‘क्वारंटाइन’सुद्धा मोजणीतूनच आलाय: व्हेनिसच्या बोलीतले चाळीस दिवस.

या दोन्हींत धोका आतल्या माणसाकडून बाहेर येतो. तुमच्या खोलीत तो बाहेरून आत जातो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की भेटायला आलेल्याची साधी सर्दीही रुग्णाला जड जाऊ शकते. ही दिशा ओळखणारा शब्द मराठीत आहे, ‘सोवळं’: सोवळ्यातल्या माणसाला जपायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं. अर्थ नेमका बसतो, तरी मी तो वॉर्डात वापरणार नाही. ज्यांना या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्या घरची माणसंही त्याच खाटांवर असतात.

केसपेपरवर ‘संरक्षक विलगीकरण’ लिहावं. पण तुम्हीच लिहिलंय की दारावरची ‘आयसोलेशन’ची पाटी बघून सोलापूरहून आलेल्या एका बाईंनी घाबरून विचारलं, “ह्यांना आता कसली साथ लागली?” त्यांना माझा हा शब्दही उपयोगाचा नाही. दारावर सरळ वाक्यं लावा. ‘हा रुग्ण संसर्गजन्य नाही’ असं मात्र नको. संसर्गजन्य रोग असतो, माणूस नव्हे. मी असं लिहीन:

‘यांच्यापासून कुणालाही धोका नाही. आपल्यामुळे यांना संसर्ग होऊ नये, म्हणून हात धुऊन, मास्क लावून एकेकानेच आत या. सर्दी-ताप असेल तर आज फोनवर बोला.’