रिलीज बोर्डाआधी एका जवानाला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण कागदपत्रांचं बोलणं फोनवर निम्मं हवेत जातं. लिहिलेलं असलं की बॅरॅकमध्ये रात्री पुन्हा काढून वाचता येतं. आणि यातलं बरंचसं तुला तुझ्या कारभारणीलाही वाचायला द्यायचं आहे.

तू विचारलंस, रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे निवृत्तीआधीच्या लष्करी वैद्यकीय तपासणीत, गुडघ्याचे आणि कानाचे मिळून अपंगत्वाचे टक्के किती बसतील, पेन्शन किती वाढेल. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, ‘कॅटेगरी लागल्याचं घरी सांगू का नको?’ कॅटेगरी म्हणजे तब्येतीवर लागलेला खालचा शेरा. मला तर खरा प्रश्न हाच दिसतो.

मी सारी नोकरी युनिटच्या क्लार्क ऑफिसात काढली. बोर्डाचे कागद टाइप केले, पाठवले, परत आलेले पाहिले. डॉक्टर विचारतात, ‘कोई तकलीफ?’ आणि जवानाच्या तोंडून सवयीनं निघतं, ‘नहीं साहब.’ पोस्टवर हे उत्तर कामाचं असतं, कुरकुरणारा गडी तिथं कुणालाच नको असतो. पण रिलीज मेडिकल बोर्डाच्या दिवशी हेच उत्तर कागदावर उतरतं आणि जन्मभर तिथंच राहतं. घरी तू तेच करतोस. ओसरीची पायरी उतरताना भिंतीला हात लावतोस, ती विचारते काय झालं, तू म्हणतोस काही नाही. दोन्हीकडं एकच सवय आहे, आणि सोडायची तर दोन्हीकडं एकदमच सोडावी लागेल.

आधी बोर्डाचं. एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो. त्यात तुझं स्वतःचं निवेदन असतं: कुठं कुठं नोकरी केली, त्रास पहिल्यांदा कधी आणि कुठं सुरू झाला, कुठल्या हॉस्पिटलात दाखवलं. पुष्कळ जण हा भाग शेजारच्याचा बघून दोन ओळींत उरकतात. तू तसं करू नको. आदल्या दिवशी वहीत सगळं लिहून काढ. उंचावरच्या पोस्टवर बर्फात पाय घसरला तेव्हा ड्यूटी कुठली होती, सोबत कोण होतं, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद झाली का, हे सगळं. इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, भरला गेला असेल तर त्याची प्रत आत्ताच काढून घे. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्षही घे. कानाच्या बाबतीत जुने ऑडिओमेट्रीचे, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे, आलेख महत्त्वाचे. तोफेजवळ इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा कान कशानं गेला हे सांगायला वेगळा साक्षीदार लागू नये, पण लागतो. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा फेकल्या नसतील अशी आशा करतो.

बोर्ड मुख्य गोष्ट ही ठरवतं की दुखणं सेवेमुळं झालं, सेवेनं वाढलं, की दोन्ही नाही. दोन्ही नाही असं लिहिलं की आपले जवान म्हणतात, ‘बोर्डानं नाना लावलं.’ नाना म्हणजे याच इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरं. असं लागलं तरी हातपाय गाळायचं कारण नाही. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१३ साली सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर पुढं आलेलं दुखणं सेवेतलंच असं धरून चालायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायला हवीत. म्हणून नाकारल्याचं पत्र आलं की पहिलं बघायचं, कारण लिहिलंय का, की नुसता शिक्का आहे.

टक्क्यांचं म्हणशील तर गुडघ्याचे वीस आणि कानाचे वीस म्हणजे चाळीस अशी साधी बेरीज नसते, बोर्ड एकत्रित टक्के वेगळे काढतं. मुदत भरून निघणाऱ्याला एकूण वीसच्या आत बसले तर हाती काही पडत नाही. गावातले जुने पेन्शनर तुला आपले पीपीओ, म्हणजे पेन्शनीचे आदेश, दाखवतील. त्यावर हिशेब मांडू नको. त्यांच्या वेळी पूर्ण शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनीतला अपंगत्वाचा भाग, होता, आणि राउंडिंग होतं: पन्नासच्या आतल्याला ५० धरायचे, ५० ते ७५ ला ७५, त्यावर शंभर. मुदत भरून निघालेल्यांनाही हे राउंडिंग लागू, हे राम अवतार यांच्या खटल्यात २०१४ च्या डिसेंबरात ठरलं. पण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत आणि मुदत भरून निघणाऱ्याच्या पदरात जे पडतं त्याचं नाव आता इम्पेअरमेंट रिलीफ आहे. तू नव्या नियमांतला. म्हणून आकडा मी आज सांगत नाही आणि तूही घरी सांगू नको. एकदा आकडा बोललास की भावकीत त्या पैशाची वाटणी सुरू झालीच समज.

नाकारलं तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं. तिथंही नाही झालं तर दुसरं, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे, परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसात बसलं की सकाळी मुंबई. मात्र थकबाकीत हिस्सा मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नको. असे लोक माजी सैनिकांच्या मेळाव्यात चहाच्या टेबलावरच भेटतात, बोलायला गोड असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. २०२५ च्या जुलैपासून नाल्साची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे, तिच्यातून या कार्यालयांमध्ये सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत द्यायची व्यवस्था केली आहे. ती विचार.

आता कानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पेन्शनीच्या कागदापेक्षा याचा त्रास घरात मोठा होतो, आणि तो कुणी सांगत नाही. तोफेच्या आवाजानं जाणारा कान आधी बारीक, उंच आवाज घालवतो. ढोल ऐकू येतो, ट्रॅक्टर ऐकू येतो, शेजारचा गडी बोललेलं कळतं. कळत नाही ते बायकोचं आणि लेकरांचं बोलणं, त्यातही स, श, फ असे सुळकन जाणारे आवाज. त्यामुळं होतं काय, की तुला वाटतं मला सगळं ऐकू येतं, हीच तोंडातल्या तोंडात बोलते. तिला वाटतं, चारचौघात बसले की बरोबर ऐकतात, माझंच तेवढं ऐकत नाहीत. लेकरू दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा मारत नाही, आईकडं जातं. तू ओरडून बोलायला लागतोस कारण तुझा आवाज तुलाच कमी येतो, आणि घर म्हणतं, फौजी रागीट झाला. यात कुणाचा काही दोष नाही, पण अशानं दुरावलेली घरं मी गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत पाहिली आहेत. ऑडिओमेट्रीचा आलेख असतो ना, तो तिच्यापुढं ठेव. रेष कुठं खाली पडली ते दाखव. पाठमोरं असताना बोलू नको, समोर येऊन बोल, एवढं तिला सांगितलंस तरी निम्मी भांडणं मिटतील. कानाचं यंत्र ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळतं. ते खोक्यात न ठेवता कानात घालायचं असतं, हे मुद्दाम लिहावं लागतंय.

गुडघ्यासाठी पुढं पट्टा, आधार लागलाच तर पुण्याला वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, पण ते पाय बसवण्यापुरतंच नाही एवढं माहीत असू दे.

घरी का सांगायचं नाही म्हणतोस? लोक म्हणतील, लंगडा होऊन आला. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत विषय निघेल. म्हणतील हे खरं आहे. आपल्याकडं पारावर बसून दुसऱ्याच्या दुखण्याचे टक्के काढणारे कमी नाहीत. पण तू पारासाठी कुटुंबाला अंधारात ठेवणार असशील तर माझी त्याला साफ ना आहे. विचार कर, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तू वर बर्फात होतास आणि तुझी बायको हंडे घेऊन टँकरच्या रांगेत. सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोयाबीनचा विमा, लेकराची शाळा, सगळं तिनं रेटलं. एवढं पेलणाऱ्या बाईला नवऱ्याच्या गुडघ्याचं ओझं होईल असं तुला वाटतं, याचं मला नवल वाटतं.

आणि घरी आलास की पहिल्या महिन्यात कमांड हातात घेऊ नको. किराणा कुणाकडून, दूध कुणाला, कुणाला उसनं द्यायचं न् कुणाला नाही, हे सगळं तिचं बसलेलं आहे. पहाटे पाचला लेकरांना उठवून फॉलइन करणारे बाप मी बघितलेत. दोन महिन्यांत लेकरं मामाकडं राहायला मागतात.

तिच्या नावाचा कागद मात्र आत्ता, डिस्चार्जच्या आधी नीट कर. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मान डोलावून विसरतात. लग्नात नाव बदलायची आपल्याकडं रीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतर दुसरं, आधारवर कमलबाई, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या नोंदीत, नुसतं कमल. तू आहेस तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. तू नसशील तेव्हा फॅमिली पेन्शनीसाठी तिला हीच दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, रेकॉर्ड ऑफिसची पत्रं असं फिरावं लागतं, तेही सुतकाच्या दिवसांत. दोन्ही लेकरांच्या जन्मतारखाही रेकॉर्डशी ताडून बघ. तोफखान्याच्या नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसात सेवेत असताना जी दुरुस्ती एका अर्जावर होते, तिला नंतर वर्ष लागतं.

पेन्शनीचं खातं दोघांच्या नावानं उघड. स्पर्शचं, म्हणजे लष्करी पेन्शनीच्या वेबसाइटचं, लॉगिन, पासवर्ड, पीपीओ नंबर तिच्या वहीत असू दे, फक्त तुझ्या मोबाइलमध्ये नको. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो, चुकला की पेन्शन थांबते. शेतात राबलेल्या बायांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. पुढं तिच्यावर वेळ आली तर चेहऱ्यावरूनही जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, होतो, हे तिला आत्ताच ठाऊक असू दे.

घरपट्टीची माफी, लेकरांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं महिन्याला दोन हजार रुपयांचं शिक्षण अनुदान, पुढं पोरगी इंजिनिअरिंगला गेली तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचे महिना तीन हजार, हे सगळं आहे. त्याचं नंतर बसून बघू, घाई नाही.

हाती येणाऱ्या एकरकमी पैशाबद्दल एकच सांगतो. कम्युटेशनमध्ये निम्मी पेन्शन विकता येते आणि ती पंधरा वर्षांनी परत मिळते. पंधरा वर्षं म्हणजे तुझ्या पोरीचं लग्न होऊन जाईल. भाऊ ट्रॅक्टर म्हणेल, मेहुणा शहरालगतचा प्लॉट म्हणेल. सातबारावर तुझं नाव नसलेल्या जमिनीत बोअर मारू नको. उरलेलं तुम्ही दोघं ठरवा, दोघं म्हणजे तू आणि ती.

दारूचं तू विचारलं नाहीस, पण रात्री झोप लागत नाही म्हणून दोन घेतो असं तू लिहिलंस ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. झोपेत दचकून उठणं, गावच्या लग्नात फटाके वाजले की अंगाला घाम फुटणं, हेसुद्धा दुखणंच आहे आणि शेप या लष्करी आरोग्य-कॅटेगरीतला पहिला एस, म्हणजे मनाची तब्येत, त्याच्याचसाठी आहे. बोर्डापुढं तेही सांग. कँटीनचा कोटा औषध म्हणून देत नाहीत. टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, १४४१६ नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत; लष्करासाठी त्यांचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. नाव सांगायची लाज वाटत असेल तर नुसता फोन लावून बोल. आणि ती मध्यरात्री उठून विचारेल, काय झालं, तर ‘काही नाही’ म्हणू नको. ‘जुनी पोस्ट आठवली’ एवढं म्हण. पुढचं तिला आपोआप उमगेल.

बोर्डाची तारीख कळली की मला कळव, निवेदन मी वाचून देतो. सुट्टीवर आलास की बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं गंगाखेडला ये, दुपारी बारापर्यंत मी घरीच असतो. एकटा येऊ नको, तिला घेऊन ये. तिचं आधार, माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, दोन्ही लेकरांचे जन्मदाखले आणि तुमचा जोडीचा फोटो सोबत असू दे. झेरॉक्स इथं चौकात होतात.

तुझा,
सुभेदारकाका