व्हेंटिलेटर काढणे आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी नेणे

मेंदूत मोठा रक्तस्राव झालेले आपले वडील रत्नागिरीत व्हेंटिलेटरवर आहेत, शुद्ध परत येणार नाही असे डॉक्टर सांगत आहेत, मुंबईचे थोरले बंधू ‘नळी काढणे म्हणजे आपल्या हाताने मारणे’ असे म्हणतात आणि गावचे नातेवाईक सही करून घरी आणा म्हणून मागे लागले आहेत; अशा वेळी योग्य काय, असे आपण विचारले आहे. अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्याने मी या दोन्ही मतांविषयी लिहिते.

बंधूंची घालमेल समजण्यासारखी आहे, परंतु उपचार मुळात सुरूच न करणे आणि निष्फळ ठरलेला उपचार थांबवणे यांत नैतिक फरक नाही. तसा फरक मानला, तर एकदा लावलेले यंत्र पुन्हा काढता येणार नाही या धास्तीने लोक ते लावून पाहायलाही कचरतील, आणि ज्यांना त्याचा खरोखर उपयोग झाला असता ते हकनाक जातील. मृत्यू घडवण्यासाठी इंजेक्शन देणे ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि आपल्याकडे तो गुन्हाच आहे.

गावात कोणी विनोबांचा दाखला देईल, कारण पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारले होते. तो निर्णय त्यांनी शुद्धीवर असताना स्वतःविषयी घेतला होता. आपले वडील बोलू शकत नाहीत. म्हणून ‘आम्हाला काय सोसवेल’ यापेक्षा ‘त्यांना हे चालले असते का’ हा प्रश्न भावंडांनी एकमेकांना विचारावा. शेजारचे कोणी असे अंथरुणाला खिळले असताना ते काय बोलले होते, हे आईंना बहुधा नेमके आठवेल.

कायद्याची वाट आता पूर्वीइतकी अवघड नाही. अनेक वर्षे अचेत अवस्थेत असलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे उपचार थांबवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घातली होती; ९ मार्च २०१८ च्या निकालाने इच्छापत्रालाही (शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, पण कार्यपद्धती इतकी किचकट ठेवली की ती फारशी कोणाला पेलली नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ झाली. वडिलांनी इच्छापत्र केलेले नसले तरी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ कुटुंबाशी बोलून, लेखी संमती घेऊन मत देते. मग निराळ्या डॉक्टरांचे दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे अपेक्षित आहे. दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागत नाही, रुग्णालय त्यांना फक्त कळवते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून नेणे मात्र मला अयोग्य वाटते. त्यात निर्णय तोच होतो, फक्त त्याची विचारपूस कोणी करत नाही, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत श्वास देणारा फुगा हाताने दाबत बसलेल्या मुलाच्या हाती धाप थांबवायला काहीच नसते. यंत्र काढण्याआधी मॉर्फिनसारखे औषध योग्य मात्रेत देऊन तो त्रास कमी करता येतो. अखेरचा काळ घरीच जावा अशी इच्छा असेल, तर ती मंडळासमोर स्पष्ट मांडा आणि औषधे, ती कशी द्यायची याच्या सूचना व गावाजवळच्या एखाद्या डॉक्टरांची तयारी या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी हाती घ्या. थोरल्या बंधूंना मंडळाच्या बैठकीला प्रत्यक्ष बोलवा. आपल्या शंका त्यांनी फोनवर आपल्याला नव्हे, तर समोर बसून डॉक्टरांना विचारायला हव्यात.